टाळ कोणाचा वाजतो आहे?

ज्येष्ठ लागला की आमच्या घरात ट्रकची यादी निघते. गावच्या दिंडीचे सामान भरण्याची सेवा कित्येक वर्षांपासून तात्यांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे आहे. दिंडी दीड-दोनशे माणसांची आणि ट्रक एकच. पातेली, शेगड्या, सिलिंडर, शिधा, राहुट्या, ताडपत्र्या आणि प्रत्येकाची वळकटी एवढे बसवले की बोट शिरायला जागा उरत नाही. त्यामुळे यादीवर दरवर्षी वाद होतो. लहानपणी माझी वारी प्रस्थानापासून सुरू होत नसे, या वादापासून सुरू होई.

तात्यांचा नियम असा, की तीन वाऱ्या ज्या वस्तूला हात लागला नाही ती चौथ्या वारीला घरी राहते. या नियमाने एकदा एका मोठ्या घरातून आलेले तांब्याचे घंगाळ उतरवले गेले. देणाऱ्यांनी दोन वर्षे अबोला धरला, पण तात्या बधले नाहीत. त्यांचे म्हणणे, "वजन माउलींना न्यायचं नाही, ट्रकला न्यायचं आहे. आणि ट्रकचं डिझेल सगळ्यांच्या भिशीतून येतं."

पण हाच नियम ते एका वस्तूला लावत नसत. जाड कापडाची एक झोळी होती, चार कोपऱ्यांना धरायला पट्टे शिवलेली. वाटेत कोणी आजारी पडले तर उचलून नेण्यासाठी. मी इंजिनिअरिंगला होतो त्या वर्षी यादी माझ्याकडे लिहायला होती. मी हिशेब काढून दाखवला, की सहा वाऱ्यांत झोळी एकदाही उघडलेली नाही, मग तीन वाऱ्यांचा नियम हिला का नाही? तात्या म्हणाले, "पातेलं कमी पडलं तर शेजारच्या दिंडीतून मागून आणता येतं. दिवे घाटात माणूस पडला तर झोळी कुणाकडं मागायला जाणार?" मी ती ट्रकच्या यादीत लिहू लागलो तर तेही त्यांनी खोडले. "ट्रकात काय कामाची? ट्रक सकाळीच पुढं तळावर गेलेला असतो. ती एकाच्या खांद्यावर चालली पाहिजे, आपल्याबरोबर."

तेव्हा मला ही म्हाताऱ्या माणसाची सवय वाटली. तिच्यात एक शास्त्र आहे हे समजायला मला वीस वर्षे आणि एक चूक लागली. ती चूक सांगण्यासाठी हा लेख आहे.

मी पुण्यात सॉफ्टवेअरचे काम करतो. काही वर्षांपूर्वी मी ज्या कंपनीत होतो तिथे ग्रामीण पतसंस्थांसाठी एक प्रणाली बनवली जात असे. आपल्यापैकी बहुतेकांच्या गावात पिग्मीवाला येत असेल. त्याच्या हातात एक लहान मशीन असते. रोजचे दहा-वीस रुपये जमा करायचे, आणि लागले तर तिथेच बोट लावून थोडी रक्कम काढायची. त्या मशीनमधला प्रोग्राम आमचा होता.

प्रतिनिधींची तक्रार होती की मशीन फार वेळ घेते. एका व्यवहाराला आठ-नऊ सेकंद. ऐकायला हे फार वाटत नाही, पण बाजाराच्या दिवशी चाळीस माणसांची रांग असली, वर ऊन असले आणि गावातले नेटवर्क कधी असते कधी नसते, की हे सेकंद अंगावर येतात. माणसे कंटाळून परत जातात. वेग वाढवण्याचे काम माझ्याकडे आले.

मी कोड उघडून पाहिला. प्रोग्राम म्हणजे यंत्राला क्रमाने सांगून ठेवलेली कामे. या क्रमात खातेक्रमांक टाकताच मशीन सर्व्हरकडून बरेच काही मागवत होते. खातेदाराचा फोटो, सहीचा नमुना, गावातल्या नोंदलेल्या साक्षीदारांची यादी. हे सगळे येईपर्यंत बोट ठेवायची खिडकीच उघडत नव्हती. एवढे सामान कशासाठी? तर एका सोयीसाठी. बोट जुळले नाही, तर प्रतिनिधीने फोटो पाहून, सही किंवा अंगठा कागदावर घेऊन, गावातल्या एका नोंदलेल्या खातेदाराची साक्ष लावून ठराविक मर्यादेपर्यंत रक्कम द्यावी, अशी ती सोय होती.

मी नोंदी तपासल्या. हजार व्यवहारांत चार वेळा ही सोय वापरली जात होती. चौघांसाठी नऊशे शहाण्णव जण रोज ताटकळत होते. मला तात्यांचे घंगाळ आठवले. मी ती सोय काढून टाकली. व्यवहार चार सेकंदांवर आला. पुढच्या बैठकीत माझे कौतुक झाले, आणि मला ते आवडले हेही लिहिलेच पाहिजे. फाल्गुनात हा नवा प्रोग्राम सगळ्या मशीनवर गेला. मी तीन महिने तक्रारींची नोंदवही पाहत होतो. त्या सोयीबद्दल एकही तक्रार आली नाही. माझा हिशेब बरोबर निघाला, असे मी मनाशी ठरवून टाकले.

त्या वर्षी मला सासवडपासून पुढे चार-पाच दिवस चालायला मिळाले. जेजुरी सोडली आणि वाल्ह्याच्या वाटेवर माझ्या चपलेचा पट्टा तुटला. रस्त्याच्या कडेला बसलो तर आमच्या दिंडीतल्या आक्का थांबल्या. सत्तरी ओलांडलेली बाई, सगळी दिंडी त्यांना आक्काच म्हणते. त्यांनी कमरेच्या पिशवीतून सुई आणि जाड दोरा काढला, माझ्या हातातली चप्पल ओढून घेतली आणि शिवायला बसल्या. मी संकोचलो. म्हणालो, "आक्का, पायातली वस्तू आहे." त्या म्हणाल्या, "पायानंच चालतोय न्हवं पंढरीला?"

बोलता बोलता त्यांनी सांगितले, की यंदाची भिशी त्यांनी शेजारणीकडून उसनी घेतली आहे. मला आश्चर्य वाटले. आक्का वर्षभर रोज दहा रुपये पिग्मीत टाकतात आणि भिशी त्यातूनच देतात, हे तात्यांकडून ऐकलेले होते. मी विचारले, "तुमच्या पिग्मीतले पैसे काय झाले?"

"हायेत की. पर मिळंनात. बोट ठेवलं की मशीन म्हणतं, ही तू न्हाईस."

त्या हे हसत सांगत होत्या. मी त्यांची बोटे पाहिली. सुईवर दाब देणारा अंगठा आणि त्याशेजारचे बोट, दोन्ही गुळगुळीत. आयुष्यभर खडी फोडली, भांगलण केली, चुलीतली लाकडे सारली. ज्या रेषांवरून माणूस ओळखायचा त्या कामातच झिजून गेल्या होत्या. आक्का पुढे म्हणाल्या, "पयलं तो पोरगा फोटू बघायचा, कागदावर अंगठा घ्यायचा, म्हादूला साक्षीला बोलवायचा आन द्यायचा. शिमग्यापास्नं ते बंद झालं. म्हणतो, तालुक्याला जा. तालुक्याला जाऊन यायचं म्हंजी एक रोज बुडाला, आन तिथं बी मशीनच."

शिमग्यापासून. म्हणजे फाल्गुनापासून. चप्पल शिवून झाली होती. त्यांनी दोरा दातांनी तोडला, सुई पुन्हा पिशवीत खोचली आणि "चल, दिंडी पुढं गेली," म्हणून उठल्या. मी काही बोललो नाही. खरे तर बोलायचा धीर झाला नाही. वाल्ह्यापर्यंत मी टाळ हातात घेऊन चाललो, पण तो माझ्याकडून वाजत नव्हता.

तळावर समाजआरतीला उभे राहिलो. आपल्या वाचकांना ती काय असते हे सांगायला नको. तळावर सगळ्या दिंड्या गोलाकार उभ्या, हजारो टाळ एकदम वाजत असतात, कानाला कान लागत नाही. चोपदार चोप उंच करतात आणि तो सगळा नाद एका क्षणात थांबतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ थांबवत नाही. त्या शांततेत तिचाच टाळ वाजत राहतो. चोपदार त्या दिंडीकडे जातात, तिचे म्हणणे ऐकून घेतात. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंची पुकार होते. मग आरती होते.

हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. पण त्या दिवशी लांबच्या एका कोपऱ्यातून एकाच दिंडीचा टाळ ऐकू येत राहिला आणि माझ्या अंगावर काटा आला. एवढ्या लाखांच्या मेळ्यात एका दिंडीला पाण्याचा टँकर मिळाला नसेल, किंवा चालण्याच्या क्रमावरून काही झाले असेल. बाकीच्यांना त्याचा पत्ताही नसतो. तरी त्या एकासाठी सगळे गप्प उभे राहतात.

मी माझ्या धंद्याच्या नजरेने त्या व्यवस्थेकडे पाहू लागलो, आणि जितका पाहत गेलो तितका नमत गेलो. ज्यांची तक्रार नाही त्यांच्यावर भार किती? फक्त टाळ थांबवायचा, तोही आरतीसाठी थांबवायचाच असतो. कोणाला रोज अर्ज भरावा लागत नाही, रांगेत उभे राहावे लागत नाही. ज्याची तक्रार आहे त्यालाही नवे काही करायचे नसते. जे करत होता तेच करत राहायचे. आणि तो चोपदारांकडे जात नाही, चोपदार त्याच्याकडे येतात. क्वचित लागणारी सोय रोजच्या वाटेत अडसर न होता कशी ठेवावी, याचा याहून चांगला नमुना मी कुठल्या तांत्रिक पुस्तकात पाहिलेला नाही.

माझ्या नोंदवहीतही शांतताच होती. पण ती मी तक्रार नसल्याची खूण मानली होती. आक्का कुठल्या नोंदवहीत लिहिणार होत्या? तक्रारीसाठी फोन होता तो प्रतिनिधींसाठी, आणि प्रतिनिधीची तक्रार वेगाबद्दल होती, ती तर मी सोडवलीच होती. समाजआरतीतली शांतता एकाचा आवाज ऐकू यावा म्हणून केलेली असते. माझ्याकडची शांतता एकाचा आवाज पोहोचतच नव्हता म्हणून होती. दोन्ही शांतताच, पण त्यांच्यात केवढे अंतर!

आरती झाल्यावर मी राहुटीत आक्कांना शोधले आणि सगळे सांगितले. ते मशीनमधले मीच बंद केले, तुमच्यासारखी माणसे थोडी आहेत म्हणून. पाया पडायला वाकलो तर त्याही वाकल्या, वारीच्या रीतीप्रमाणे. मग म्हणाल्या, "बंद तू केलंस तर चालू बी तूच करशील. माझ्या पाया पडून काय हुणार? आन मी एकटी न्हाय बाबा. वस्तीवरचा अण्णा हाय, कुंभारवाड्यातली म्हातारी हाय, तिला तर उठता बी येत न्हाय. त्यांचं बी बघ." रागाचा एक शब्द नाही. तो असता तर मला सोपे गेले असते.

परत आल्यावर मी पहिले काम मोजण्याचे केले, जे आधीच करायला हवे होते. मी सोय काढली आणि वेळ वाचला, म्हणून वेळ सोयीमुळे जात होता असे मी धरून चाललो होतो. ते खरे नव्हते. सोय जड नव्हती, ती चुकीच्या जागी ठेवलेली होती. फोटो, सही आणि साक्षीदारांची यादी बोट ठेवण्याआधी मागवली जात होती, सगळ्यांसाठी, दरवेळी. ती बोट न जुळल्यावरच मागवली तर? नऊशे शहाण्णव जणांना तिची झळच लागत नाही. बोट न जुळलेल्या चौघांना पाच-सहा सेकंद जास्त थांबावे लागते, पण ते त्यांच्याच कामासाठी असते. आक्कांनी त्याबद्दल कुरकुर केली नसती. कोडमध्ये काही ओळी इकडच्या तिकडे करण्याचे हे काम होते. पहिल्या दिवशी मी एवढाच प्रश्न विचारला असता, की ही वस्तू नको आहे की फक्त या खांद्यावर नको आहे, तर साडेतीन महिने कोणाचे पैसे अडले नसते.

आमच्या धंद्यातल्या जाणत्यांना हे पूर्वीच कळलेले आहे. सी++ ही संगणकाची भाषा घडवणारे बियार्ने स्ट्रॉस्ट्रुप यांनी तिच्या रचनेत असे तत्त्व ठेवले, की एखादी सोय जो प्रोग्राम वापरत नाही त्याच्यावर तिचा भार पडू नये. सोयी कमी ठेवा असे हे तत्त्व सांगत नाही. लिनक्स ही प्रणाली असंख्य सर्व्हरवर आणि अँड्रॉइड फोनमध्ये चालते. तिच्या कोडमध्ये जागोजागी 'अनलाइकली' अशी एक खूण केलेली असते, म्हणजे 'हे क्वचितच घडेल'. ती पाहून कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम तेवढा भाग मुख्य वाटेतून उचलून बाजूला नेऊन ठेवू शकतो. नेहमीचे काम सरळ रेषेत, न अडखळता होते. पण बाजूला ठेवलेला भाग पुसला जात नाही. गरज पडली की यंत्र वळून तिथे जाते. क्वचित म्हणजे कधीच नाही, असा अर्थ ते लावत नाहीत. मी तो लावला होता.

याच काळात मी एका जुन्या अपघाताचा चौकशी अहवाल वाचला. ४ जून १९९६ रोजी दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानामधून युरोपचे 'एरियन ५' हे नवे रॉकेट पहिल्यांदा उडाले आणि मिनिटभराच्या आत आकाशात नष्ट झाले. त्यावर चार वैज्ञानिक उपग्रह होते. माणूस कोणी नव्हता, ही देवाची कृपा. कारण सापडले ते सॉफ्टवेअरमध्ये. दिशा सांगणाऱ्या यंत्रणेतला एक भाग आधीच्या 'एरियन ४' मधून जसाच्या तसा आणलेला होता. उड्डाणानंतर त्याचा नव्या रॉकेटला काहीही उपयोग नव्हता, तरी तो चालू ठेवलेला होता. त्याच भागात एक मोठी संख्या लहान जागेत बसवली जात होती. अशा धोक्याच्या सात संख्या अभियंत्यांनी ओळखल्या होत्या, पण संगणकावरचा भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा म्हणून चार संख्यांनाच संरक्षण दिले, तीन तशाच सोडल्या. जुन्या रॉकेटच्या वेगाला ते चालले. नव्याचा वेग जास्त. संख्या जागेत मावली नाही, यंत्रणा बंद पडली, आणि तिच्या जोडीची राखीव यंत्रणाही त्याच कारणाने बंद पडली, कारण तिच्यातही तोच प्रोग्राम होता.

मी तो अहवाल मिटला आणि तात्यांच्या यादीचा विचार करत बसलो. घरी ठेवायचे घंगाळ बरोबर घेतले होते आणि खांद्यावर हवी ती झोळी वजन कमी करायला काढली होती. दोन्ही चुका एकाच रॉकेटात. तेव्हा 'क्वचित लागणारे सगळे ठेवा' हा धडा खरा नाही आणि 'सगळे काढा' हाही नाही. आमच्याच मशीनमध्ये उघडताना सणाच्या शुभेच्छा दाखवणारे एक चित्र होते, पावतीचा एक दुसरा नमुना होता जो कोणी छापत नसे, महिन्याचा एक आलेख होता जो कोणी पाहत नसे. तेही मी त्याच वेळी काढले होते. ते परत आणले नाही, आणि ते गेल्याने कोणाचे काही अडलेही नाही.

मग निवड कशी करायची? तात्यांनी झोळीबद्दल जे सांगितले होते तेच मी आज नव्या मुलांना सांगतो. वस्तू किती वेळा लागते हा पहिला प्रश्न आहे, पण शेवटचा नाही. शेवटचा प्रश्न हा, की लागली आणि नसली तर त्या माणसाला दुसरीकडे मिळेल का? आणि ठेवायची ठरली तर जागा कोणती? दिंडीत चार जागा असतात. टाळ प्रत्येकाच्या हातात असतो. विणेची जादा तार विणेकऱ्यांच्या पिशवीत असते, झोळी एकाच्या खांद्यावर असते, एकाजवळ असली तरी सगळ्यांची सोय होते. राहुट्या ट्रकमध्ये असतात, तळावर पोहोचल्यावर मिळाल्या तरी चालते. आणि घंगाळ घरी असते. चांगला प्रोग्रामही असाच रचावा लागतो. रोजचे ते हाताशी, क्वचितचे पण तातडीचे ते एका ठिकाणी जवळ, क्वचितचे आणि थांबू शकणारे ते दूर, आणि ज्यावाचून कोणाचे अडत नाही ते बाहेर.

यात एक गोष्ट आणखी आहे. क्वचित लागणारी वस्तू न वापरल्यानेच बिघडते. झोळीचे पट्टे उंदराने कुरतडलेले घाटात कळून उपयोग नाही. म्हणून तात्या निघण्याआधी अंगणात ती पसरून दोघांना धरायला लावतात आणि गावातल्या सर्वांत जाड माणसाला तीत झोपवतात. हशा होतो, पण पट्टे पारखले जातात. मीही तेव्हापासून एक रीत घालून घेतली. नवा प्रोग्राम मशीनवर पाठवायच्या आधी पहिली चाचणी न जुळणाऱ्या बोटाची करायची. जुळणाऱ्या बोटाची त्यानंतर.

या सगळ्यात मला लागलेली खरी बोच वेगळीच आहे. आपल्या संतांनीही काढून टाकण्याचेच काम केले. कर्मकांड काढले, सोवळे-ओवळे काढले, संस्कृताची अट काढली. शके १२१२ मध्ये माउलींनी गीतेचा अर्थ मराठीत आणला तो याच वाटेने. गळ्यात माळ, मुखी नाम, एकादशी आणि वारी, एवढ्यावर साधना आणून ठेवली. इतकी हलकी की दळणारी जनाबाई, मळ्यातले सावता महाराज, गावाबाहेर ठेवलेले चोखोबा, सगळ्यांना उचलता यावी. मीही हलके केले म्हणून फुशारलो होतो. पण त्यांनी साधना हलकी केली ती शेवटच्या माणसालाही बरोबर येता यावे म्हणून, आणि मी यंत्र हलके केले ते शेवटच्या माणसालाच वाटेत सोडून. काढून टाकणे दोन्हीकडे एकच दिसते. कोणासाठी काढले, हे पाहिल्याशिवाय त्याची किंमत कळत नाही.

ती सोय आषाढ संपायच्या आत पुन्हा सुरू झाली. व्यवहार चार सेकंदांचाच राहिला. आक्कांनी शेजारणीचे पैसे फेडल्याचे तात्यांनी फोनवर सांगितले. पण त्यानंतर एका रात्री मी सर्व्हरवरच्या न जुळलेल्या बोटांच्या नोंदी काढल्या. फाल्गुन ते आषाढ. तारीख, वेळ, खाते, आणि पुढे 'जुळणी अयशस्वी'. एकाच खात्यावर एका दिवशी पाच-पाच वेळा. म्हणजे कोणीतरी बोट पुसून, पदराला घासून, पुन्हा ठेवून पाहत होते. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तेच. मग काही खात्यांवर नोंदीच थांबलेल्या. त्यांनी यायचेच सोडले होते. अशी शंभराहून जास्त खाती होती. ती यादी मी संस्थांना पाठवली आणि प्रतिनिधींनी त्या घरी जावे असे मागे लागून करवून घेतले. बरेच जण परत आले. काही आले नाहीत. कोणाचे औषध राहिले असेल, कोणाचे बियाणे, कोणाची वारी, ते मला कधीच कळणार नाही. तो टाळ साडेतीन महिने वाजत होता, आणि ऐकण्याचे काम ज्याचे होते तो मी, कौतुकाच्या बैठकीत बसलो होतो.

आता दर महिन्याला मी तक्रारींची नोंदवही नंतर पाहतो. आधी अर्ध्या वाटेवरून परत फिरलेल्यांची नोंद पाहतो. ते काही लिहीत नाहीत, फोन करत नाहीत. त्यांचे परत फिरणे हाच त्यांचा टाळ आहे. तो मला वेळेवर ऐकू यावा, एवढेच पांडुरंगाजवळ मागणे आहे.

रामकृष्णहरी.